पिरेअसहून नाक्सोसला बोटीने: आईला बोट लागते, काय करावं?

मृण्मयी_डों
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही सहा जण ग्रीसला निघालोय. मी, नवरा, दहा वर्षांचा लेक, आई, बाबा आणि आत्या. अथेन्सला दोन दिवस, मग नाक्सोस बेटावर पाच रात्री, की परत अथेन्स आणि मुंबई. व्हिसा झाला, विमानाची तिकिटं झाली, नाक्सोसची खोली झाली. घोडं अडलंय ते बोटीपाशी.

पिरेअस बंदरातून नाक्सोसला दोन प्रकारच्या बोटी दिसतायत. एक वेगवान, साडेतीन-पावणेचार तासांत नेते. दुसरी मोठी, पाच-सव्वापाच तास घेते आणि बरीच स्वस्त आहे. आईला बोट लागते. एकदा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना जे झालं ते अजून घरात सांगितलं जातं. म्हणून मी वेगवान बोट घ्यायचं ठरवत होते. कमी वेळ, कमी त्रास. बरोबर आहे ना?

परतीचं असं आहे. १९ तारखेची बोट दुपारी तीनच्या आसपास पिरेअसला पोचते. विमान रात्री साडेनऊला. पुरेसा वेळ आहे असं नवऱ्याचं म्हणणं.

आणि हसू नका, पण छोटा कुकर बरोबर न्यायचा विचार आहे. आत्याला वरणभात लागतो. बोटीवर चालतो का?

निवांत_पाटील
कुकर न्या. शिट्ट्या मोजायला तिकडे कोणी नाही. बाकी वाचतोय.

खलाशीबुवा
मृण्मयीताई, तुमचं गणित उलटं आहे. रागावू नका, सत्तावीस वर्षं जहाजांवर काढलीत म्हणून सांगतो.

बोट लागते ती हेलकाव्याने. घड्याळाचा संबंध थोडा. त्या वेगवान बोटी बहुतेक कॅटमरान, म्हणजे जोडहोडीसारख्या दोन सांगाड्यांच्या, वजनाला हलक्या. सपाट पाण्यावर लोण्यातून सुरी जावी तशा जातात. पण लाट उठली की तीच बोट जोरात पळताना लाटेवर आपटते, वर जाते, पुन्हा आपटते. बऱ्याच बोटींवर उघडा डेक नसतो, काचा बंद, त्यावर खारं पाणी उडालेलं, बाहेरचं काही दिसत नाही. शेजारच्याला उलटी झाली की आपली पाळी आलीच.

उलट ती 'स्वस्त आणि हळू' वाटणारी बोट म्हणजे अख्खं जहाज असतं. या मार्गावरचं ब्लू स्टार डेलॉस घ्या. सुमारे १४५ मीटर लांब, २४०० माणसं मावतात, पोटात ट्रक आणि गाड्या. अशा जहाजाला पाण्याखाली पंखही असतात, डुलणं कमी करायला. आईंना मधल्या भागात, शक्यतो खालच्या प्रवासी मजल्यावर बसवा. टोकाला नको, अगदी वर नको. झोपाळ्याच्या कडीपाशी बसलं की झोका कमी लागतो, तसंच. मळमळलं तर मागच्या उघड्या डेकवर नेऊन क्षितिजाकडे बघायला सांगा. मोबाइलमध्ये डोकं घालू देऊ नका. निघण्याआधी हलकं काहीतरी खाऊ दे, रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, त्यांना रक्तदाबाची औषधं चालू असतील तर नक्कीच.

परतीच्या बोटीबद्दल: त्याच दिवशी विमान? अजिबात नको. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

अथेन्सची_सई
बुवांना शंभर टक्के अनुमोदन. मी इथे अथेन्समध्ये आठ वर्षं आहे, नवरा ग्रीक. सासूबाई वेगवान बोटींना 'कॉफी घुसळायचं यंत्र' म्हणतात.

बंदराचं सांगते, कारण गोंधळ तिथेच होतो. पिरेअस म्हणजे एकच धक्का नव्हे. ते भलंमोठं आहे आणि त्याला इ-१ पासून इ-१२ पर्यंत दरवाजे आहेत. नाक्सोस-पारोसच्या मोठ्या बोटी साधारण इ-७ च्या आसपास लागतात, मेट्रोतून बाहेर आलात की समोरच. पण इ-१ किंवा इ-२ निघालं तर ते बंदराच्या पार दुसऱ्या टोकाला. बॅगा ओढत चालायचं अंतर नाही, आतून फुकट बस असते. म्हणून आदल्या दिवशी तिकिटावरचा दरवाजा पुन्हा तपासा.

तुम्ही शहरातून येणार असाल तर मेट्रोची निळी किंवा हिरवी लाइन. निळी २०२२ च्या ऑक्टोबरपासून थेट विमानतळ ते पिरेअस धावते, आधी मध्ये बदलावं लागायचं. विमानतळावरून थेट साधारण तासाभराचा प्रवास. रात्री-अपरात्री उतरलात तर एक्स-९६ बस चोवीस तास असते. मेट्रोत खिसेकापूंपासून सावध. दाराजवळ मुद्दाम गर्दी करतात आणि बॅगेच्या चाकात पाय अडकल्यासारखं करतात. पासपोर्ट पोटाच्या पाऊचमध्ये.

सकाळची मोठी बोट साडेसातच्या सुमारास सुटते. मिनिटाला मिनिट. आपल्याकडच्या लाँचसारखं 'थांबा हो, आत्या येतायत' म्हटलं तर कोणी थांबत नाही. पावणेसातला दरवाज्यावर असा.

आणखी एक. सर्वांत स्वस्त तिकीट डेकचं असतं. त्यात जागा ठरलेली नसते, जो आधी येईल तो सोफा पकडतो. आईंसाठी थोडे जास्त पैसे घालून क्रमांकाची खुर्ची घ्या. बाकीचे भटका.

मृण्मयी_डों
बापरे, बरं झालं विचारलं. सई, राफिना नावाचं बंदर विमानतळाच्या जवळ आहे असं वाचलं. तिथून का जाऊ नये?

अथेन्सची_सई
जवळ आहे खरं, विमानतळावरून बसही जाते. आंद्रोस, तिनोस, मिकोनोसला जायचं असेल तर मी राफिनाच सांगते. नाक्सोसच्या मोठ्या जहाजांसाठी मात्र पिरेअस. तुम्ही तसंही आधी दोन दिवस अथेन्सला आहात, मग विमानतळाजवळच्या बंदराचा उपयोग काय?

खलाशीबुवा
हं, आता वाऱ्याचं.

ग्रीसमध्ये वाऱ्याचा जोर बोफोरमध्ये सांगतात. टपरीवरचा चहावाला, माफ करा, कॉफीवालासुद्धा 'आज सहा बोफोर' असं बोलतो. सहा म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वारा. आठ म्हणजे ६२ ते ७४. आठच्या आसपास अंदाज गेला की तटरक्षक दल मोठ्या जहाजांनाही बंदर सोडू देत नाही. या बंदीला ग्रीकमध्ये 'आपागोरेफ्तिको' म्हणतात, शब्द लक्षात ठेवा. लहान आणि वेगवान बोटी त्याच्या आधीच, सहा-साताला थांबतात. म्हणजे ज्या दिवशी वेगवान बोट रद्द होते, त्या दिवशी मोठं जहाज अनेकदा उशिराने का होईना जातं. मोठी बोट घ्यायचं हे दुसरं कारण.

आता गंमत. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून जो वारा सुटतो त्याला मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर. आभाळ निळंशार, ढगाचा पत्ता नाही, आणि डोक्यावरची टोपी उडतेय. लोकांना कळतच नाही की एवढ्या छान उन्हात बोट रद्द का. या वाऱ्याचं आपल्या पावसाशी नातं आहे. आपल्याकडे मान्सूनला ओढून आणणारा कमी दाबाचा पट्टा पाकिस्तान-इराणवरून पार तुर्कस्तानापर्यंत पसरलेला असतो. पलीकडे बाल्कनवर दाब जास्त. या दोघांच्या मधून वारा एजियनवर घुसतो. म्हणजे आमच्या गुहागरात आषाढ कोसळत असताना तिकडे नाक्सोसच्या धक्क्यावर माणसं अडकून पडलेली असतात, आणि दोन्हीमागे हात एकाच पट्ट्याचा.

शंकेखोर
पण ताई सप्टेंबरात जातायत. मग मेल्तेमीचा काय संबंध? उगाच घाबरवू नका.

खलाशीबुवा
घाबरवत नाही. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्याचा जोर ओसरायला लागतो, त्यांनी महिना चांगलाच निवडलाय. पाणीही ऊबदार असतं. पण ओसरतो म्हणजे संपत नाही. सहाच्या सहा जणांची विमानाची तिकिटं त्या एका 'बहुतेक'वर लावाल का?

भटकी_शेपटी
मी लावली होती. ऐका.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पारोसला होतो, मी आणि मैत्रीण. संध्याकाळी पाचची वेगवान बोट, रात्री नऊला पिरेअस, पहाटे सहाचं विमान. कागदावर सुंदर. दुपारी तीनला धक्क्यावर पोचलो तर तिकीट खिडकीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला. ग्रीकमध्ये. शेजारच्या आजोबांनी हाताने वाऱ्याची खूण केली आणि खांदे उडवले. ज्या संकेतस्थळावरून तिकीट काढलं होतं त्यांचा संदेश रात्री पावणेबाराला आला, की 'आपली बोट रद्द होण्याची शक्यता आहे'. शक्यता!

दोन रात्री अडकलो. बोटीचे पैसे परत मिळाले. हवामानामुळे रद्द झाली तर पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, हे मिळतंच. पण खोलीचा खर्च आपला आणि विमानाचं तिकीट गेलं ते गेलंच. दोघींचं मिळून जे गेलं तो आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही. खोलीवाल्या मावशींनी दुसऱ्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत, वर टोमॅटोची भजी खायला घातली. डोमातोकेफ्तेदेस म्हणतात. चवीला अगदी आपल्या पावसाळ्यातल्या भज्यांसारखी, फक्त पुदिना जास्त.

तर ताई, परतीची बोट विमानाच्या किमान एक दिवस आधी. नवऱ्याला माझी गोष्ट वाचून दाखवा.

निवांत_पाटील
'बहुतेक' या शब्दावर बुवांनी जो जोर दिलाय त्याला +१.

कोकणातला_फणस
अवांतर होतंय, पण राहवत नाही. हा धागा वाचून आजी आठवली. तिच्या लहानपणी मुंबईहून कोकणात बोटीनेच जायचे. बंदर आलं की बोट लांब खोल पाण्यात उभी, मग पडावातून किनाऱ्यावर. आजी सांगायची, बोट लागू नये म्हणून आवळासुपारी आणि आलेपाक पदराच्या गाठीला. आणि रामदास बोटीचं नाव काढलं की ती गप्प व्हायची. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांच्या आळीतली दोन घरं होती त्यात.

आता दाभोळच्या फेरीबोटीत गाडी चढवताना मुलं आनंदाने ओरडतात, मला मात्र आजी आठवते.

खलाशीबुवा
फणसराव, रामदासचं नाव काढलंत. ग्रीकांचीही अशी एक जखम आहे. एक्सप्रेस सामिना. २६ सप्टेंबर २०००, रात्रीची वेळ, जहाज पारोसच्या तोंडाशी आलेलं. पोर्तेस नावाचे खडक, त्यावर दिवा, सगळ्यांना माहीत असलेले. त्यावरच जाऊन आदळलं. पाणी अडवायचे आतले दरवाजे उघडे राहिले होते, त्यामुळे बुडायला वेळ लागला नाही. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पारोसचे कोळी आपापल्या होड्या घेऊन त्या वाऱ्यात बाहेर पडले म्हणून कित्येक वाचले.

त्या रात्रीही वारा होता. म्हणून सांगतो, बंदी लागली की बंदरातल्या अधिकाऱ्याशी हुज्जत घालू नका. तो तुमची सुट्टी बिघडवायला बसलेला नाही.

शंकेखोर
मान्य. माझी शंका मागे घेतो. नवीन शंका: शाकाहारी माणसाने पाच तास बोटीवर काय खायचं?

अथेन्सची_सई
उपाशी राहत नाही कोणी. तिरोपिता म्हणजे चीजची पॅटिस, स्पानाकोपिता म्हणजे पालकाची, दोन्ही बोटीवर मिळतात. पिरेअसला धक्क्याजवळ कुलुरी घ्या, तीळ लावलेलं गोल कडं, बाहेरून कुरकुरीत. फ्रेदो कापुचिनो ही थंड कॉफी घेतल्याशिवाय ग्रीक माणूस बोटीत पाऊलच ठेवत नाही. बेटावर गेल्यावर 'निस्तीसिमो' हा शब्द वापरा, म्हणजे उपासाचं. इथल्या उपासाला मांस, अंडं, दूध चालत नाही, त्यामुळे अर्थ बरोबर पोचतो. फक्त त्यात कोलंबी-माखली चालते, तेवढं विचारून घ्या! (आपल्या उपासाला बटाटा, यांच्या उपासाला माखली.) नाक्सोसचे बटाटे देशभर प्रसिद्ध आहेत, आत्याबाईंना सांगा.

बोट सिरोस बेटाला थांबणारी असेल तर लुकूमी ही मऊ मिठाई घ्या. पूर्वी विक्रेते टोपल्या घेऊन बोटीवर चढायचे, थेट आपल्या कर्जतच्या वडेवाल्यांसारखे.

आणि जे लोक १५ ऑगस्टच्या आसपास यायचा विचार करतायत त्यांना: नका येऊ, किंवा मुद्दाम या. त्या दिवशी मेरीमातेचा मोठा सण, अख्खा देश बोटीत असतो. तिनोस बेटावर मी एकदा सासूबाईंबरोबर गेले होते. धक्क्यापासून चढावर देवळापर्यंत रस्त्याच्या कडेने गालिच्याची पट्टी टाकलेली, त्यावरून बायका गुडघ्यांवर रांगत वर जातात. नवस. एक म्हातारी माझ्या पुढे होती, गुडघ्यांना फडकी बांधलेली, मुलगा पाण्याची बाटली घेऊन बाजूने चालत होता. मला लोटांगण घालणारे आठवले. १९४० साली याच सणाच्या दिवशी तिनोसच्या बंदरात इटालियन पाणबुडीने 'एली' हे ग्रीक युद्धजहाज बुडवलं. सासूबाई ते कालच घडल्यासारखं सांगतात.

निवांत_पाटील
मे महिन्यात जाणाऱ्यांसाठी काही? मुलांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात.

अथेन्सची_सई
मे छान. गर्दी कमी, मेल्तेमी अजून दूर, पाणी मात्र गार. फक्त १ मे टाळा. आपला महाराष्ट्र दिन, पण तिकडे कामगार दिन, आणि खलाशांचा संप बरेचदा असतो. संप म्हणजे सगळी जहाजं धक्क्याला बांधलेली. बातमी थोडे दिवस आधी येते.

मृण्मयी_डों
सर्वांचे मनापासून आभार. नवरा भटकी_शेपटीची गोष्ट वाचून पाच मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, 'पण आपली बोट तर मोठी आहे.' तरीही ठरलं. जाताना आणि येताना मोठं जहाज, परत १८ ला, विमान १९ ला रात्री. आईला क्रमांकाची खुर्ची. आल्यावर लिहीन.

मृण्मयी_डों
धागा वर काढतेय. आलो! धावतं वर्णन.

जाताना वारा पाच बोफोर. (हो, मीही आता बोफोरमध्ये बोलते.) आई तिच्या खुर्चीवर बसली ती दहा मिनिटं. नंतर मागच्या डेकवर बाबांशेजारी, स्कार्फ घट्ट बांधून, जहाजामागे फेसाचा पट्टा कसा लांबत जातो ते बघत. आलेपाकाची डबी उघडली, पण सगळा लेकाने खाल्ला. आईला बोट लागली नाही. पाच तासांत तिने एका ग्रीक बाईशी खुणांनी लोकरीच्या टाक्यांबद्दल गप्पा मारल्या.

आता जे इथे कोणी सांगितलं नव्हतं ते. बॅगा वर न्यायच्या नसतात. खाली गाड्यांच्या तळमजल्यावर लोखंडी मांडण्या असतात आणि त्यांवर बेटांची नावं. आम्ही पाच बॅगा 'नाक्सोस'च्या मांडणीत ठेवल्या. सहावी, कुकरची निळी पिशवी, आत्याने स्वतः ठेवली. शेजारच्या मांडणीत. 'पारोस'च्या.

पारोस आलं तेव्हा बाबांना ट्रक कसे उतरतात ते बघायचं होतं म्हणून ते खाली गेले. मीही मागोमाग. खाली डिझेलचा वास, ट्रकची इंजिनं आधीच सुरू, अंधारात शे-दोनशे माणसं बॅगा धरून उभी. जहाज बंदरात शिरून जागच्या जागी वळतं आणि उलटं मागे सरकतं. साखळ्या खडखडायला लागतात, मागची अख्खी भिंत हळूहळू खाली जाते आणि त्या फटीतून आधी नुसता उजेड आत येतो, इतका पांढरा की डोळे मिटावे लागतात. मग पांढरी घरं, मग धक्का. ती झडप पूर्ण टेकायच्या आत लोक चालायला लागलेले. कर्मचारी 'पारोस! पारोस!' ओरडतायत. आणि एका तरुण टोळक्याने घाईत मांडणी मोकळी करताना आमची निळी पिशवी उचलून बाहेर उतारावर ठेवलेली. बाबा, गुडघ्याला पट्टा, 'अहो, ती आमची!' असं मराठीत ओरडत ट्रकच्या बाजूने धावले. पिशवी आडवी झाली, झाकण बाहेर पडून लोखंडावर असं वाजलं की त्या गोंगाटातही सगळ्यांनी वळून पाहिलं. कर्मचाऱ्याने झाकण उचललं, उलटसुलट पाहिलं आणि अत्यंत आदराने बाबांच्या हातात दिलं. सगळं मिळून दोन मिनिटं. पाच मिनिटांत झडप पुन्हा वर.

परतताना १८ ला सात बोफोर. वेगवान बोटी रद्द. आमचं जहाज पन्नास मिनिटं उशिरा आलं पण आलं. त्या दिवशी जन्मात कधी न लागलेल्या आत्याला बोट लागली. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला क्षितिजाकडे बघायला लावत होती, अगदी बुवांच्या शब्दांत.

१९ ला मात्र वारा पडला होता आणि सगळ्या बोटी वेळेवर होत्या. त्यामुळे अथेन्सची ती जादा रात्र फुकट गेली असं नवऱ्याचं ठाम मत आहे.

खलाशीबुवा
त्यांना म्हणावं, विम्याचा हप्ता भरून आजारी पडलो नाही म्हणून कोणी रडत नाही. आत्याबाई आता कशा आहेत?

भटकी_शेपटी
फुकट गेलेली एक रात्र विरुद्ध माझा तो न सांगितलेला आकडा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, नवऱ्याला दाखवा.

निवांत_पाटील
ते सगळं ठीक. कुकर सुखरूप ना?

मृण्मयी_डों
आत्या ठणठणीत. कुकर सुखरूप, झाकणाला एक पोचा. शिट्टी मात्र नाक्सोसच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या खणात राहिली. घरमालकीणबाईंनी फोटो पाठवून विचारलंय, हे काय आहे.